नकाल्याला आता नऊ वाजले

गोदामातल्या बाळाराममामांना वेळ विचारली की ते आधी आपल्यालाच विचारतात, "कुठली?"

त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं आहेत. डाव्यावर नकाल्याची वेळ. नकाला म्हणजे आफ्रिकेतल्या मोझांबिकचं बंदर, तिथून आमच्या गोदामात तूर येते. उजव्यावर बर्माची, तिथून उडीद येतो. आमचं गोदाम आहे त्या काल्हेरची वेळ मात्र मामांना दुसऱ्याकडून घ्यावी लागते. "बाय, आपलं किती वाजलं गं?" मी साडेबारा म्हटलं की ते डावं मनगट डोळ्यांजवळ नेतात. "म्हंजे नकाल्याला नऊ. आता ती सुपं घेऊन अंगनात बसली असंल."

ती कोण, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. नवी होते, आणि जास्त बोललं की काम जातं अशी माझी समजूत होती. अजूनही आहे थोडी. पुढे कळलं, ती म्हणजे तूर उपणणारी बाई. मामांनी तिला कधी पाहिलेलं नाही. त्यांची सगळ्यात लांबची सफर कल्याणपर्यंतची. पण परखी, म्हणजे नमुना काढायची ती टोकदार नळी, पोत्यात खुपसून तळहातावर दाणे घेतले आणि त्यात काडीकचरा कमी निघाला की मामा खूश. "हिचाच हात हाय ह्यो. आपली मानसं हायत ती, बाय."

माल आला त्या दिवशी मामा थप्पी लावू देत नाहीत. पोती जमिनीवर मोकळी ठेवायची, एक दिवस टेकू द्यायची. का, तर समुद्रावरून येताना तुरीला बोट लागलेली असते. कुणी पोतं आदळलं तर ओरडतात, "अरं हलू ठेव! आत्ताच उतरलीय ती!" यूपीचा हमाल रामसजीवन एकदा पोत्याशी वाकून म्हणाला, "मामा, इसको निंबू सुंघाऊँ क्या?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. "सुंघाव," म्हणाले, "आन नंतर त्याचं सरबत मला दे."

एवढं असून मुंबईचे व्यापारी माल घेण्याआधी मामांच्या तोंडाकडे बघतात. मामांनी दाणा दाढेखाली फोडून मान हलवली की सौदा झाला.

मला इथे मामांनीच लावलं. माझा नवरा धामणकर नाक्याजवळ लूमवर कापड विणतो. मी हिंगोलीकडची, सातवीतून शाळा सुटलेली. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून घाबरत होते, तर मामांनी पोत्यांवरची अक्षरं बोटानं गिरवून घेतली. मला पहिल्यांदा वाचता आलेला इंग्रजी शब्द म्हणजे एका देशाचं नाव. त्या दिवशी रिक्षातून घरी जाताना मी सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत गेले. तो दिवस मी मामांच्या नावावर ठेवलाय.

पण एक गोष्ट माझ्या पोटात होती. माझे आबा गावाकडे तूर पेरतात. बाहेरची तूर आली की भाव पडतो, आणि मग आबा बाजारातून येऊन कुणाशी बोलत नाहीत. त्या बाहेरच्या तुरीतले खडे निवडून मी पोट भरते हे त्यांना कसं सांगणार? मी सांगितलं होतं, कापडाच्या गोदामात आहे.

मागच्या उन्हाळ्यात आबा नातवाला बघायला आले. तिसऱ्या दिवशी मी डबा घरी विसरले. नवऱ्याला वाटलं, आबांना सगळं माहीत आहे. त्यानं गाळा नंबर सांगून त्यांना रिक्षात बसवून दिलं. मी चाळणीवरून मान वर केली तर शटरमध्ये आबा उभे, हातात डबा आणि समोर छतापर्यंत तूर.

"कापड हाय व्हय हे, माय?"

मामा पुढे आले. "पाव्हणं, हिला मीच लावली इथं. बोलायचं तं मला बोला."

आबांनी आधी मामांकडे पाहिलं, मग त्या दोन घड्याळांकडे. शेतकऱ्याचा हात तो, नमुन्याच्या ताटाकडे गेलाच. चार दाणे चोळले, एक फोडला.

"तांबड्या मातीतली हाय. काठीनं बडवून काढलीय. मशीनची असती तर बरीच फुटकी निघाली असती."

मामांचा आवाज एकदम बारीक झाला. "आन उपनलीय कुनी? बाईनं ना?"

"बाईनंच. गड्याला एवढा दम कुठला?"

मामांनी आमच्या सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू कोर्टात जिंकले. मग आबा म्हणाले, "पण ह्या तुरीमुळं आमचा भाव पडतो."

"पडतो," मामा म्हणाले. "आन इकडं दार लावलं, का त्या बाईची पोती तिच्या अंगनात पडून ऱ्हातात."

मामा पोत्यावरच्या सुतळीशी चाळा करत होते. जरा वेळानं खाली बघूनच त्यांनी विचारलं, "पाव्हणं, तूर उभी कशी दिसते?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. "आमी भातवालं. गावाला, दिघाशीला, खाचर व्हतं. आता तिथं गाळं झालं. तूर मी पोत्यातच बघितली."

आबा पोत्यावर टेकले. सांगू लागले, की डोक्याच्या वर जाते. पिवळं फूल, पाठीमागून लाल रेघा. आत शिरलं की बाहेरच्याला माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. शेंगा वाळल्या आणि वारा सुटला की सगळं रान खुळखुळतं. मामांनी डोळे मिटले होते. रामसजीवन पाठीवरचं पोतं उतरवायचं विसरून तसाच वाकून उभा होता.

जाताना आबा मला म्हणाले, "डबा खा. आन खडे नीट बघत जा, खाणाराचा दात जातो." कापडाबद्दल एक शब्द नाही. माझे डोळे भरून आले, ते मी पदरानं धूळ पुसल्यासारखे पुसले. रिक्षात बसल्यावर आबांनी मामांना हाक मारली, "दिवाळीनंतर या. फुलात असते."

दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच माझ्या चाळणीशी आले. "बाय, तुझा बाप खरंच बोलला का तोंडदेखलं?"

"खरंच बोलले, मामा."

दुपारी पुन्हा तेच विचारलं. संध्याकाळी चपला घालताना तिसऱ्यांदा. "न्हाय, मानसं बोलतात आपलं. खाचर गेल्यापासनं मला कुनी शेतावर ये म्हनलं न्हाय."

मग त्यांना वेगळीच काळजी लागली. "रिकाम्या हातानं कसं जायचं?" त्यांनी गोदामभर नजर फिरवली. "तूर तं न्यायची सोय न्हाय."

"तांदूळ न्या ना, मामा. आमच्याकडे पिकत नाही."

मामा शटरची कड धरून थांबले.

"इकत आनावा लागंल," ते म्हणाले. मग हळूच, "पन चांगला बघून आनतो."