पाऊण गेलं!

"गेलं काय वं, शामला?" मनोहररावांनी पुन्हा विचारलं.

"जाऊन राह्यलं ना, मालक."

"पण किती गेलं?"

लकडगंजातल्या त्यांच्या लाकडाच्या वखारीत तारेने छापील मजकूर पाठवणारं नवं टेलेक्स यंत्र आलं होतं आणि ते शामला चालवायची. मुंबईचा एक ठेकेदार मोठ्या इमारतीच्या दारा-खिडक्यांसाठी सागवान घेणार होता आणि दर आज पाचच्या आत त्याच्याकडे पोहोचायला हवे होते. हे काम मिळालं नाही तर पावसाळाभर आरागिरणी बंद ठेवावी लागली असती. त्यामुळे मनोहरराव यंत्राला जवळजवळ चिकटूनच उभे होते.

मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून तयार करायचा आणि मग ती पट्टी यंत्रात सोडायची. मालकांच्या प्रश्नांना कंटाळून शामलाने पट्टीवर लाल पेन्सिलीने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या होत्या. "हे पाहत राहा अन् मले काही विचारू नका," ती म्हणाली.

मनोहररावांना खुणा फारच आवडल्या. पावाची खूण आत गेली तेव्हा ते टाळी वाजवून हसले. अर्ध्याला दारात जाऊन ओरडले, "अर्धं गेलं!" आरा चालवणारा देवराव बाहेर ओंडक्यावर बसून होता. आरा चालू झाला की वीज मंदावून टेलेक्स बंद पडायचं, म्हणून मजकूर जाईपर्यंत त्याला थांबवून ठेवलं होतं.

तिसरी खूण शिरताच मनोहरराव पुन्हा दाराशी धावले. "पाऊण गेलं!"

तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. देवरावाने उठून खटका दाबला. आरा करकरला, दिवा मिणमिणला आणि टेलेक्स गप्प झालं.

"अरे, बंद कर! काहून चालू केला गा?"

"तुम्हीच त म्हटलं गेलं म्हणून!"

"पाऊण म्हटलं मी, पाऊण!"

"भोंग्यात मले नुसतं 'गेलं' तेवढंच आयकू आलं, मालक."

आरा थांबला, वीज सावरली. पण मुंबईची लाइन काही मिळेना. शामला नंबर फिरवत राहिली आणि पाच वाजून गेले. मनोहरराव खुर्चीत कोसळले. "संपलं सगळं. पाऊण दराले कोण इचारते?"

शामला यंत्रातून निघालेली प्रत वाचू लागली. वाचता वाचता तिला हसू फुटलं.

"मालक, दर तं सगळे गेले! राह्यलं ते फक्त तुमचं खुशाली इचारणं. साहेबांची तब्येत कशी आहे, वहिनींचे गुडघे कसे आहेत, संत्र्यांच्या दिवसात सहकुटुंब या..."

मनोहररावांना हसावं की रडावं कळेना. इतक्यात यंत्र आपणहून खडखडलं. शामलाने कागद ओढून मोठ्याने वाचलं, "दर मंजूर. माल लवकर पाठवा. थोडक्यात लिहिल्याबद्दल आभार."

"थोडक्यात?" मनोहरराव पुटपुटले आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

दारातून देवरावाने भीतभीत डोकं आत घातलं. "मालक, आता चालू करू का?"

"कर गा बाबा, कर!"

आरा करकरला. दिवा मंदावला, पंखाही रेंगाळला. घामाने निथळणारे मनोहरराव त्या रेंगाळत्या पंख्याखाली डोळे मिटून आरामात बसून राहिले.