उलट्या पावलांचं इंग्रजी

"पिक अप म्हंजे उचलनं, गाडीत घेनं आनि… आनि…" वासूने कपाळावर हात मारून घेतला. "केशर, काय गं तिसरं?"

नंदिगड्ड्याच्या वासूला काळी नदीचा खडक न् खडक ठाऊक होता, पण हे दोन शब्द काही केल्या डोक्यात शिरत नव्हते. गणेशगुडीच्या एका लॉजला पाहुण्यांसाठी गाईड हवा होता आणि तिथले नवे मॅनेजर रोहनसाहेब इंग्रजीच्या बाबतीत भारी कडक. त्यांनी बजावलं होतं, "एका 'पिक अप'चे अकरा अर्थ आहेत. शनिवारी सगळे सांगितलेस तर नोकरी तुझी." नाही जमलं, तर पुन्हा गोव्याला हॉटेलात भांडी घासायला जाणं आलं. गेल्या खेपेला तो सहा महिन्यांनी घरी आला, तेव्हा त्याच्या लेकीनं, धाकट्या रूपालीनं, त्याला चक्क 'मामा' म्हणून हाक मारली होती.

"बसून पाठ होतंय व्हय?" त्याची बायको केशर कडाडली. "भाताचं खाचर तसंच पडलंय. चला लावणीला, तितं गान्यात घालून देते."

केशरला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण लग्नातल्या भांडणाचंसुद्धा गाणं करणारी बाई ती, अकरा अर्थांचं तिला काय मोठं! वासूनं साहेबांच्या पुस्तकातून उतरवून आणलेले अर्थ ती सुरात बसवत गेली: एक रोप, एक अर्थ, एक पाऊल मागं.

"पिक अप म्हंजे उचल गो बाय,
पिक अप म्हंजे गाडीत घे,
पिक अप म्हंजे बघून शीक,
वाजला फोन, कानाला घे!"

तीन दिवस हेच चाललं. वासूची आई सुनयनासुद्धा बोळक्या तोंडानं 'पिकप गो, पिकप गो' करायला लागली. शुक्रवारी खाचर हिरवंगार झालं आणि वासूला अकराच्या अकरा अर्थ येऊ लागले.

शनिवारी रोहनसाहेबांनी पुस्तक उघडलं. "हं, सहावा अर्थ सांग."

वासूला सहावा एकटाच कसा येणार? सुरुवात पहिल्यापासूनच करायला हवी होती, आणि ताठ उभं राहून तर पहिलाही आठवेना.

"सायेब, जरा वाकू का?"

"कशाला?"

"वाकल्याबिगर इंग्रजी येत न्हाई मला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वाक बाबा."

वासू वाकला. चिमटीत नसलेलं रोप धरून त्यानं फरशीवर लावलं, एक पाऊल मागं सरला आणि गाऊ लागला. दुसऱ्या अर्थाला तो दाराबाहेर गेला, चौथ्याला व्हरांड्याची पायरी उतरला, सहाव्याला हिरवळीवर. साहेबही हातात पुस्तक धरून, एकेका अर्थावर पेनानं खूण करत त्याच्यामागोमाग. लॉजचा स्वयंपाकी झिलू भाताचा डाव घेऊन तसाच बाहेर आला.

सातव्यानंतर मात्र गाडी अडली. "आठवा… आठवा…" वासूला दरदरून घाम फुटला. गोव्याची बस त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यानं आणखी एक पाऊल मागं टाकलं आणि ते थेट हिरवळीच्या कडेच्या, बदकांच्या तळ्यात गेलं.

अहाहा! बोटांच्या फटीतून गार चिखल वर आला मात्र, वासू खुलला. "पसारा आवरनं! जाता जाता इकत घेनं! सोडलेलं काम पुन्ना धरनं!"

"बरोबर! बरोबर!" साहेबही रंगात येऊन बुटांसकट तळ्यात उतरले.

"आनि पोलिसानं धरून नेनं!" वासू ओरडला. त्याच क्षणी साहेबांचा बूट चिखलात रुतला आणि ते पुस्तकासकट पालथे पडले. बदकं कॅक कॅक करत पळाली.

वासूनं काखेत हात घालून साहेबांना सरळ उभं केलं. गेली नोकरी! त्याचे डोळे भरून आले. साहेबांनी तोंडावरचा चिखल निपटला.

"अकराच्या अकरा," ते म्हणाले. "एक तारखेपासून ये."

वासूला रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात साहेबांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "वासू, बुधवारी लॉजचे मोठे साहेब माझीच परीक्षा घेणार आहेत. पुस्तक तर बुडालं. आणि खरं सांगू? मला पाचाच्या पुढं कधी येतच नाही रे."

रविवारी सकाळी नंदिगड्ड्याला वासूच्या दुसऱ्या खाचरात सुनयना आणि रूपाली यांच्या मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, रोहनसाहेब वाकले होते. बांधावर कमरेवर हात ठेवून केशर उभी.

"सायेब, वाकडं लागलं! उपटा आनि पुन्ना पयल्यापासनं म्हना!"

दिवेलागणीला साहेबांनी अकराही अर्थ न अडखळता, सुरात म्हणून दाखवले. सुनयनानं टाळ्या वाजवल्या. कंबर धरत साहेबांनी हसून विचारलं, "काय केशरअक्का, झालो ना पास?"

केशरनं लावून झालेलं खाचर बघितलं. मग खाली रिकामी पडलेली दोन खाचरं बघितली.

"पाचच पक्के झाल्यात, सायेब," ती गंभीरपणे म्हणाली. "उद्या उजाडता उजाडता या."