गफूरमास्तरांनी शिवलेलं खुराडं

गफूरमास्तरांनी आमच्या तांबडीचं माप घेतलं तेव्हा मी पिंकीला कडेवर गच्च धरून मागच्या दारात उभी होते, आणि मला वाटत होतं की या माणसाला काहीतरी झालंय, कुणाला तरी बोलवावं. तांबडी म्हणजे आमची कोंबडी. मास्तर टेप तिच्या पंखाखालून फिरवत होते आणि तिला म्हणत होते, "श्वास सोडा. पोट आत घेऊ नका. मोकळं उभं राहा." आणि खरं सांगते, ती उभी राहिली. मी जवळ गेले की जी कोंबडी माझ्या पायावर धावून येते, ती मास्तरांपुढे फोटो काढायला आल्यासारखी उभी!

"छाती चौदा," मास्तर म्हणाले. "उंची सोळा. शेपटी धरत नाही, शेपटी मोकळी सोडायची."

मग कानामागचा खडू काढून त्यांनी ते आमच्या भिंतीवरच लिहिलं. भिंत मालकीणबाईंची. मला घामच फुटला.

आता मास्तर कोण ते सांगते. बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान आहे, मधोमध कापायचं मोठं टेबल. अंगाने सुतळीसारखे, टेप कायम गळ्यात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. रस्त्याने कुणी गेलं की म्हणतात, "छत्तीस कमर चालली. गणपतीत चौतीस होती." कपडे कधी मिळतील विचारलं की म्हणतात, "आधी ट्रायल, मग तक्रार." आमच्या लग्नात ह्यांची पँट त्यांनीच शिवली होती. ती देताना ह्यांना म्हणाले, "दोन इंच दाब आत ठेवलाय. लागेल." ह्यांना राग आला होता. दुसऱ्या वर्षी गुपचूप जाऊन उसवून सैल करून घेतली.

कोंबड्या माझ्या आईने दिल्या. पिंकी दीड वर्षाची, पण अंगच धरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज एक अंडं द्या. ह्यांचं काम कधी असतं, कधी नसतं, रोज दुकानातून आणणं काही होईना. मग आई सासवडकडून पिशवीतून दोन कोंबड्या घेऊन आली, तांबडी आणि कवडी, आणि सोडून गेली. मी आपली सातवीपर्यंत शिकलेली, पर्वतीच्या पायथ्याला वाढलेली, मला कोंबड्यांची भीती वाटते हे आईला माहीत, तरी ती म्हणाली, "पोरीसाठी सगळं येतं." मला काही आलं नाही. त्या रात्री न्हाणीत झोपायच्या, दिवसा कुठेही जायच्या. एक दिवस मालकीणबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर गेल्या.

मालकीणबाई ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, आम्ही भाडेकरू दोन ठेवले होते. आता किती आहेत ते कळेल का?"

मी पिंकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"रविवारपर्यंत त्यांना बंद जागा करा. नीट. वास नको, घाण नको. नाहीतर रविवारी माहेरी पाठवा. कोंबड्या म्हणतेय मी."

तो सोमवार होता. मी इतकी घाबरले की काही सुचेना. निदान पाय तरी बांधून ठेवू म्हणून मास्तरांकडे चिंध्या मागायला गेले. "कशाला?" म्हणाले. मी सगळं एका दमात सांगितलं, रडले पण असेन. मास्तर म्हणाले, "श्वास सोड, पोरी." आणि दुकान तसंच उघडं टाकून टेप घेऊन माझ्या पुढे चालायला लागले.

मला वाटलं, सुताराकडे निघालेत. ते कोंबडीकडे निघाले होते.

बुधवारी मास्तर ट्रायल घेऊन आले. आधी म्हणे खाकी कागदावर कापलं, मग पुठ्ठ्यावर, आणि पुठ्ठे दाभणाने शिवले होते, चक्क धावदोरा घालून! वर झाकण, झाकणाला काज, काजात बटण. तांबडीला उचलून त्यांनी आत बसवलं. अगदी बरोबर बसली. इकडे बोटभर जागा नाही, तिकडे नाही.

"फिटिंग बघ," मास्तर म्हणाले.

मी बघितलं. तांबडीने पण माझ्याकडे बघितलं. मी भीत भीत म्हटलं, "मास्तर, पण ती वळणार कशी?"

"वळायचंय कशाला?"

"आणि दुसरी कुठे बसेल?"

"तिचं वेगळं शिवू. तिची छाती साडेतेरा आहे."

वरच्या खिडकीतून मालकीणबाईंचा आवाज आला, "कोंबड्यांना घर करताय का स्वेटर?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. पण त्यांचं तोंड उतरलं ते मला दिसलं. आत तांबडीने पंख झाडला आणि बाजूची शिवण उसवली. मास्तरांनी त्या उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी आयुष्यभर उभ्या माणसाचं माप घेतलं. ही बसते कशी ते मी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. कोंबड्या बघत! मी चहा दिला, प्यायले. पुन्हा बघत. दिवेलागणीपर्यंत. शुक्रवारीही तेच. मला तर कळेचना. खुराडं कुठे आहे? रविवार जवळ येतोय आणि हा माणूस बादलीवर बसलाय! विचारायची भीती वाटायची, आणि न विचारता राहिलं की आणखी भीती वाटायची. गल्लीतले लोक वाकून बघून जायचे. हे म्हणाले, "त्याला घरदार नाही का?" मी म्हटलं, "नाही बहुतेक." मला खरंच माहीत नव्हतं. त्यांची बायको गेलेली, मुलगी सोलापूरला दिलेली, एवढंच ऐकून होते.

शुक्रवारी उठताना मास्तर म्हणाले, "या खाली झोपत नाहीत. काहीतरी धरून, उंचावर झोपतात. अंडं मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात घालतात. मुंगूस खालून येतं, बोका वरून. आणि तू त्यांना भितेस."

मी म्हटलं, "नाही मास्तर."

"हात लांब कर."

मी केला. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. "बावीस," म्हणाले. मग पिंकीला भिंतीला उभी करून तिचीही उंची घेतली. ती टेप चावत होती. "एकोणतीस," म्हणाले आणि गेले. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आता तुलाही आत बसवणार वाटतं."

शनिवारी मास्तर आलेच नाहीत. दुकानाचं शटर अर्धं खाली, आतून करवतीचा आवाज. मी दोनदा जाऊन बाहेरूनच परत आले. रात्रभर माझ्या डोक्यात एकच, उद्या कोंबड्या जाणार, पिंकीचं अंडं जाणार, आणि आईला काय सांगू.

रविवारी सकाळी हातगाडीवरून खुराडं आलं.

चार पायांवर उभं, तळच माझ्या गुडघ्याइतका उंच. जाळी इतकी बारीक की माझं बोट जाईना. वर उतरता पत्रा, पत्र्याखाली हवेला भोकं. आत दोघींना झोपायला आडवी दांडी, दांडीच्या कडा घासून गोल केलेल्या. मालकीणबाई खाली उतरल्या. चष्मा लावून चारी बाजूंनी फिरल्या.

"घाण कुठे पडणार?"

मास्तरांनी खालचा पत्रा ओढून बाहेर काढला. "खिसा आहे. रोज उलटा करायचा, राख टाकून परत घालायचा."

"दाराची कडी एवढी वर का?"

"एकोणतिसाच्या वर आणखी वीतभर आहे. पोरीचा हात पोचायचा नाही."

"आणि मागे हे झाकण कसलं?"

"तो मागचा गळा. अंडी काढायची तिथून. हिला आत जावं लागत नाही, फक्त हात घालायचा. बाविसाच्या आत सगळं हाताला येतं."

मालकीणबाईंनी एक खिळा बोटाने दाबून पाहिला. खिळे सगळे सारख्या अंतरावर, टाके घातल्यासारखे. "गळा मागे?" त्या म्हणाल्या.

"बायकांचं आहे, बाई."

मालकीणबाई हसल्या नाहीत, पण वळताना पदर तोंडाला लावला. जिन्यावरून म्हणाल्या, "ऊन लागेल दुपारी. पेरूखाली सरकवा." पेरू त्यांचा! म्हणजे कोंबड्या राहिल्या. माझा एवढा मोठा श्वास सुटला की पिंकी दचकली.

मंगळवारी मी पहिल्यांदा मागून हात घातला. डोळे मिटूनच. अंडं कोमट होतं. बाहेर काढताना बोटांना फळीवर रेघा लागल्या. वाकून बघितलं तर आतल्या फळीच्या कडेला पांढऱ्या रंगाने आकडे होते, एक, दोन, तीन, इंचाचे, ओळीने. आणि फळी हाताला गुळगुळीत, वर्षानुवर्षं हात फिरवल्यावर होते तशी.

मी अंडं तसंच पदरात घेऊन दुकानात गेले. मास्तर जमिनीवर सतरंजी घालून उशीचा अभ्रा कापत होते. मधली जागा रिकामी होती. फरशीवर चार पायांचे चार चौकोन, तेवढेच स्वच्छ.

"मास्तर, टेबल?"

"पेरूखाली आहे."

"अहो, पण मग तुम्ही—"

"चार महिन्यांत त्याच्यावर एक विजार कापली," मास्तर कात्रीवरून नजर न काढता म्हणाले. "ती पण माझीच. लोक आता हँगरवरून तयार घेतात. तिथे त्यांना कुणी श्वास सोडा म्हणत नाही."

मी अंडं सतरंजीवर ठेवलं. त्यांनी ते उचलून परत माझ्या हातात दिलं. "ज्याचं त्याला," म्हणाले.

त्या दिवसापासून ते संध्याकाळी येतात. ट्रायल बघायला, म्हणतात. बसून राहतात, कोंबड्या आत जाईपर्यंत. एक हात खुराड्याच्या फळीवर टेकलेला असतो. बोलत फारसे नाहीत. पहिले दोन दिवस मी घाबरत होते, लोक काय म्हणतील, हे काय म्हणतील. तिसऱ्या दिवशी ह्यांनीच आतून स्टूल आणून ठेवलं.

आज आठवा दिवस. तांबडी वर चढली, कवडी चढली. मास्तरांनी कडी लावली, टेप गळ्यात सारखा केला आणि म्हणाले, "बसलं अंगाला. आता माझं काम संपलं."

मी पिंकीला भात भरवत होते. मला खोटं बोलता येत नाही, लगेच कान तापतात. तरी मी म्हटलं, "मास्तर, ते मागचं झाकण जरा आवळतंय."

"आवळतंय?"

"हो. हात अडकतो."

वरच्या खिडकीतून मालकीणबाई म्हणाल्या, "आणि डावा पाय आखूड आहे. मी रविवारीच पाहिलं होतं. म्हटलं, कशाला बोला."

मास्तर वाकले. झाकण उघडलं, सोडलं, ते लोण्यासारखं मिटलं. मग त्यांनी पाय हलवून पाहिला. हललाच नाही. त्यांनी टेप गळ्यात पुन्हा सारखा केला. मग उठले, आणि माझ्याकडे किंवा वर न बघता म्हणाले, "दिसतंय खरं. उद्या येतो."