गॅरेजमधली सवत

गाडीतून उठायला गेले, तेव्हा दातांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपण अडकलो आहोत.

गाडी साधीसुधी नव्हती. जुनी ब्रिटिश, शर्यतीची, ठेंगणी, लांब नाकाची. अशा जगात मोजक्याच उरलेल्या. डॉक्टरांनी ती ऐन तारुण्यात हौसेनं आणली होती. 'पुढच्या सुट्टीत दुरुस्तीला काढतो' म्हणता म्हणता ते निवृत्त झाले, तरी ती तशीच. डॉक्टरीणबाई तिला सवत म्हणायच्या. पण आता बाईंचे गुडघे जिन्यावर कुरकुरू लागले होते. त्यांना झोपायला खाली खोली हवी, आणि खाली रिकामं होण्यासारखं एकच, गॅरेज. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःहूनच, जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला गाडी देऊन टाकायचं ठरवलं. मिस्त्री आज न्यायला येणार होता. म्हणून ते सकाळी शेवटचे तिच्यात जाऊन बसले. बसताना पोट आत ओढलं होतं. मग गहिवरून आलं, सुस्कारा सुटला, आणि पोट स्टिअरिंगखाली पक्कं बसलं.

"अगं ए! जरा खाली येतेस का?"

बाई कठड्याला धरत धरत उतरल्या. "अडकलात?"

"अडकलो नाही. निघता येत नाहीये."

बाईंनी हसू दाबत साबणाचं पाणी आणलं आणि सदऱ्यावर ओतलं. मग काखेत हात घालून ओढू लागल्या. आधाराला डॉक्टरांनी हाताला आलं ते धरलं. तो हँडब्रेक होता. त्याची जुनी तार टण्णकन तुटली. गॅरेजची फरशी रस्त्याकडे उतरती.

"अहो, चालली!"

"कोण?"

"तुम्ही!"

गाडी डुलत डुलत फाटकाबाहेर पडली. बाई लंगडत शेजारून. "ब्रेक दाबा ना!"

"दाबतोय! नुसतंच पेडल आहे, पुढे काही नाही!" डॉक्टरांची घाबरगुंडी उडाली होती. पण चाक फिरवून पाहिलं, तर गाडी ऐकत होती. "अगं, वळते! बघ, वळते!" ते ओरडले. उरलेसुरले केस उडत होते, सदऱ्यावर फेस होता. बाई चालायच्या थांबल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टरांना असं खुललेलं त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

समोरच्या शिंप्याच्या कुंपणात नाक खुपसून गाडी थांबली. नेमका तेव्हाच मिस्त्रीचा ट्रक आला. त्यानं वाकून पाहिलं. "स्टिअरिंगचा नट गंजलाय, निघणार नाही. दांडाच कापावा लागेल."

"कापायचं नाही!" बाई कडाडल्या.

"मग यांना कसं काढू?"

"ते तुम्ही बघा. हे राहतील आत, यांना सवय आहे. पण तिला करवत लावायची नाही."

डॉक्टरांना वाटलं, कानात साबण गेलाय.

मिस्त्री गाडीखाली सरपटला, सीटचे नट सैल केले, सीट मागे सरकली आणि डॉक्टर ओलेचिंब बाहेर आले. इतका वेळ उभ्या असलेल्या बाई गुडघा चोळत शेजारच्या चिंचोळ्या सीटवर टेकल्या.

"चला, चढवू या का ट्रकवर?" मिस्त्रीनं विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी अडकले."

मिस्त्रीनं पाना काढला. "हीपण सीट सोडवतो."

"नको बाई! गुडघ्याला झटका सोसायचा नाही. मी निघेन सावकाश. तुम्ही कशाला खोळंबता?"

मिस्त्रीनं बाईंकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि पाना खिशात टाकला. "नटांना तेल घालून ठेवा. रविवारी येतो ब्रेक बसवायला." ट्रक रिकामाच वळला.

डॉक्टरांनी घाबरून बाईंच्या काखेत हात घातले.

"ओढू नका हो," बाई कुजबुजल्या. "तो गेला का ते बघा आधी."

ट्रक दिसेनासा झालेला पाहून डॉक्टरांनी हात काढले. "अगं, पण तुझी खोली?"

"हॉलमध्ये पलंग टाकू."

"आणि पाहुणे आले तर बसवायचं कुठे?"

बाईंनी सीटवर थाप मारली. "इथे. लवकर उठायचे नाहीत, एवढंच."