ठमाबाईंचा हंडा आऊट ऑफ स्टॉक

लग्नघरातल्या सामानाची यादी कागदावर करायची की मोबाईलवर, एवढाच प्रश्न होता. माधवीने पेनाचं टोपण काढलंही होतं. हिरामणने ते परत लावलं आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

हिरामण मानकोलीला एका ऑनलाईन कंपनीच्या गोडाऊनमध्ये सिस्टिम सांभाळायचा. (सांभाळायचा म्हणजे, ती अडकली की बंद करून परत चालू करायचा. पण तेवढंही सगळ्यांना जमत नाही, असं त्याचं मत होतं.) मतं त्याच्याकडे भरपूर होती. टेमघरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवा मोबाईल घेतला, की तो माणूस काही दिवस हिरामणचं दार चुकवून जायचा.

"फुकटचं ॲप म्हणजे फुकटचा पाहुणा," हिरामण सांगायचा. "जेवतो आपल्याकडे आणि आपल्या घरातलं गावभर सांगतो."

"मग विकतचं घ्या," माधवी म्हणाली.

"विकतचं म्हणजे दरवर्षी भाडं. आपल्याच यादीसाठी आपण भाडं का भरायचं?"

"मग कागद आहे की."

"कागदात सर्च करता येतं का?"

माधवीने कागद बाजूला सारला. हिरामणला अडवत बसण्यापेक्षा त्याला धडपडू दिलेलं लवकर आटपतं, हे तिला संसारात एव्हाना कळलं होतं.

लग्न हिरामणच्या बहिणीचं, हेमालीचं होतं. मुलगा काल्हेरचा, सागर. लग्न ठरवायच्या बैठकीत सागरच्या आईने, रंगूबाईंनी, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तू गोडाऊनला हाय ना रं?"

"गोडाऊनला नाही मावशी. टेक्नॉलॉजीत."

"म्हंजे गोडाऊनलाच ना?"

हे हिरामणच्या जिव्हारी लागलं होतं. बहिणीच्या सासरी आपली ओळख टेक्नॉलॉजीतला माणूस म्हणूनच झाली पाहिजे, असा त्याने पण केला होता. तेव्हा लग्नाचं सामानही आता टेक्नॉलॉजीनेच सांभाळलं जाणार होतं. सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं, हाही प्रश्न नव्हता. ऑफिसचं होतंच. अनोळखी कंपनीला आपली माहिती देण्यापेक्षा ओळखीच्या कंपनीला दिलेली बरी.

त्याने गोडाऊनच्या सिस्टिममध्ये 'टेमघर' नावाचं एक नवं गोडाऊन उघडलं, ऑफिसातून स्कॅनर आणि स्टिकरांचं भेंडोळं आणलं, आणि रविवारभर घर स्कॅन केलं. कढया झाल्या, पराती झाल्या, पाट झाले. आईच्या चष्म्याच्या डबीवरही स्टिकर बसला. शेवटी माळ्यावरून हंडा खाली आला.

हा हंडा साधा नव्हता. हिरामणच्या आईला, ठमाबाईंना, लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेला जाड पितळेचा हंडा तो, गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलेला. घरातल्या प्रत्येक हळदीची अंघोळ त्यातल्याच पाण्याने झाली होती. हिरामणचीसुद्धा.

सॉफ्टवेअरला प्रत्येक वस्तूचा फोटो, किंमत आणि माल आल्याची तारीख लागायची. किंमत टाकल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं, म्हणून हिरामणने सुचेल तो आकडा टाकला. तारखेच्या बाबतीत मात्र तो काटेकोर.

"आई, हंडा कधी आला?"

"माझ्या लग्नात."

हिरामणने आईच्या लग्नाची तारीख टाकली. स्कॅनर टीं करून वाजला. हिरामणला फार समाधान वाटलं.

आता त्या सॉफ्टवेअरला एक नियम होता. माल फार दिवस पडून राहिला, की त्याची किंमत आपोआप उतरायची आणि तो वेबसाईटवर सेलमध्ये जायचा. (हा नियम कंपनीला हिरामणनेच सुचवला होता. त्याबद्दल टाळ्या आणि पाण्याची एक बाटली मिळाली होती.) गोडाऊनमध्ये सहा महिने पडलेला माल म्हातारा समजतात. हंड्याचं वय बघून सिस्टिम हादरलीच असणार. तिने किंमत पार मातीमोल केली आणि हंडा सेलच्या पहिल्या पानावर नेऊन ठेवला.

हळदीच्या दिवशी सकाळी ठमाबाई माळ्याखाली उभ्या राहिल्या.

"माधवी, हंडा कुठं हाय गो?"

"तो परवा यांच्या ऑफिसचा चिंधू टेम्पोवाला घेऊन गेला की."

हिरामणने चहाचा कप खाली ठेवला. "आणि तू दिलास?"

"त्याने मशीन लावलं, टीं वाजलं. तुम्हीच सांगितलंत, टीं वाजलं की वाद घालायचा नाही. मला वाटलं, हळदीआधी घासायला पाठवलात."

(गोडाऊनचा कायदा असाच आहे. टीं वाजलं की माल सुटला, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकायचं नाही. हा कायदा हिरामणने घरी मोठ्या अभिमानाने लागू केला होता.)

"घासायला दिला व्हय, बरं झालं," ठमाबाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत आण. हंड्याबिगर माझ्या पोरीच्या अंगाला हळद लागायची न्हाय." आणि त्या बोलल्या म्हणजे बोलल्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"दोन मिनिटांचं काम आहे," हिरामण माधवीला म्हणाला आणि त्याने कंपनीचं ग्राहकांसाठीचं चॅट उघडलं. तिथे माणसाऐवजी बॉट उत्तरं द्यायचा. तोही हिरामणनेच पसंत केला होता, कारण तो कधी चिडत नसे. बॉटने विचारलं, माल फुटका आला? रंग आवडला नाही? माप चुकलं? 'माल माझ्या आईचा आहे' असा पर्यायच नव्हता. हिरामणने 'इतर' दाबलं. बॉटने आभार मानले आणि सेवा कशी वाटली ते विचारलं. हिरामणने सवयीने पाच स्टार दिले.

मग त्याने सिस्टिममध्ये गिऱ्हाईकाचा पत्ता काढला आणि तो खुर्चीवर बसला.

"कोण आहे?" माधवीने विचारलं.

"रंगूबाई. काल्हेर."

"आपली विहीण?"

माधवीने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं समजून हिरामण जवळ गेला. "घाबरू नकोस. मी आहे ना."

"त्याचीच तर भीती," माधवी कशीबशी म्हणाली.

काल्हेरला मांडव सजला होता आणि मांडवात हंडा. चिंचेने घासून लखलखीत केलेला.

"ये हिरामण," रंगूबाई खुशीत म्हणाल्या. "बघ, ऑनलाईन घेतला. असली पितळ आता गावते कुठं? नि किंमत बघून तर हसू आलं. इकणारा येडा असंल कोन तरी."

"असेल," हिरामण म्हणाला.

"पन मला येक सांग. ह्याच्यावर तुझ्या आईचं नाव कसं?"

दुसरा कुणी गडबडला असता. हिरामण कॉलर सारखी करून म्हणाला, "आम्हीच पाठवलाय मावशी. विहिणीचा मान. आजकाल मान ऑनलाईन पाठवतात."

"असं व्हय. मग चिंधूनं दारात पैसे कसले घेतले?"

जगातल्या सगळ्या इंटरनेट कंपन्यांवर हिरामणकडे मत होतं. ह्या प्रश्नावर नव्हतं. नाइलाजाने त्याने खरं ते सगळं सांगितलं. रंगूबाई हनुवटीला बोट लावून ऐकत होत्या.

"म्हंजे तू घराचं गोडाऊन केलंस."

"टेक्निकली, हो."

"नि आईचा हंडा इकलास."

"मी नाही. सिस्टिमने."

"सिस्टिम कोन सांभाळतं?"

हिरामणने मांडवाच्या झालरीकडे बघितलं. "पैसे परत देतो मावशी. हंडा तेवढा द्या."

"आता मी न्हाय द्यायची."

आईचा हट्ट, हेमालीची हळद, उद्याचं लग्न, सगळं हिरामणला एका दमात दिसलं, आणि लग्नात पहिल्यांदाच तो खरोखर घाबरला.

"आरं, घाबरतोस कशाला?" रंगूबाई म्हणाल्या. "आधी नवऱ्याची हळद, मग नवरीची. सागरची अंघोळ ह्यातल्या पान्यानं करते. मग उष्टी हळद घेऊन आम्ही तुझ्या दारात येऊ, तवा हंडाबी येईल. नि पैशाचं नाव काढू नको."

हंडा गुपचूप कोपऱ्यात ठेवला जाईल, अशी हिरामणची समजूत होती. संध्याकाळी बेंजोच्या तालावर काल्हेरच्या बायका आल्या. पुढे डोक्यावर हंडा घेऊन रंगूबाई. त्यांनी तो मांडवाच्या मधोमध ठेवला, बेंजोवाल्यांना हाताने थांबवलं आणि सगळ्या भावकीला गोष्ट पहिल्यापासून सांगितली. चिंधूचा टीं तर त्यांनी दोनदा काढून दाखवला.

लोक पोट धरून हसत होते. ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या बानं दिलेला हंडा माझ्या लेकानं इकला," त्या म्हणाल्या, "नि माझ्या विहिणीनं डोक्यावर घेऊन परत आनला. माझी पोर चांगल्या घरात चाललीय." दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हेमालीही रडली. आपल्या नियमामुळेच ही दोन घरं एवढी जवळ आली, असं हिरामणला मनापासून वाटलं. (तसं त्याने माधवीला तिथल्या तिथे सांगितलंही. ती हळद कालवत राहिली.)

लग्न थाटात झालं. मग काल्हेरला सत्यनारायणाची पूजा होती. रंगूबाईंनी हिरामणचा हात धरला आणि प्रेमाने त्याला आळीतल्या सगळ्यांसमोर फिरवलं.

"हा आमच्या हेमालीचा भाऊ," त्या म्हणाल्या. हिरामणने पोट आत घेतलं आणि पुढच्या शब्दाची वाट बघितली. "जुनी भांडी ऑनलाईन इकून देतो. लई इमानदार हाय."

प्रसाद होईपर्यंत त्याच्या पायाशी दोन घागरी, एक कान तुटलेली कढई आणि झाकण नसलेला पाणीतापवा जमला होता. एक आजी काळंकुट्ट पातेलं घेऊन पुढे आल्या आणि डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"कल्हईबी करतोस काय रं?"

हिरामणने घसा खाकरला आणि हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांतला फरक समजावायला सुरुवात केली.

"करतात, आजी," मागून माधवी म्हणाली. "रविवारी त्यांना सुट्टी असते. तेव्हा घेऊन या."