उद्धवतात्यांची वाईनची परीक्षा

आमचे उद्धवतात्या तोंडात घेतलेला घोट गिळत नाहीत. चहा घेतात, या गालातून त्या गालात फिरवतात, डोळे मिटतात आणि बाजूच्या पितळी तस्तात थुंकतात. ताकाचं तेच, उसाच्या रसाचं तेच. एका लग्नात मठ्ठ्याचंही तेच केलं, तेव्हा आचारी झारा घेऊन अंगावर आला. तात्या त्याला शांतपणे समजावत होते, "मठ्ठा बेस हाय गड्या. फक्त आंबटपणा जिभेच्या कडंला टिकत न्हाई."

तात्या माझे सख्खे चुलते. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात वीस वर्षं वाढपी. आता हॉटेलवाल्यांनी सांगितलंय, वाईनची पहिली परीक्षा पास व्हा, वाईनचं सगळं काम तुमच्याकडं. तात्या एकदा नापास झाले. दुसरी आणि शेवटची संधी पुढच्या आठवड्यात आहे. म्हणून रजा टाकून धारूरला, घरी अभ्यासाला आलेत. वाईन पारखणारे घोट गिळत नाहीत, चव घेऊन थुंकतात; त्याचाच हा सराव.

आणि मी कोण? दारूबंदीची कार्यकर्ती. गावोगावच्या भिंतींवर माझी पत्रकं आहेत. हातभट्टीवाले मला बघून वाट बदलतात. पण परवा त्यातलाच एक भर चौकात दात काढून म्हणाला, "ताई, आधी चुलत्याची बंद करा, मग आमच्याकडं या."

मी तशीच घरी आले. "तात्या, हे कावून करताय तुमी?"

"मी पितो का?"

"न्हाई."

"कधी प्यालेला बघितला का?"

"न्हाई."

"मग? थुंकणाऱ्यावर कसली बंदी घालती गं?"

यावरचं उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

तात्यांचा अभ्यास बघण्यासारखा असतो. पुस्तकात वाईनची चव सांगायला घेतलेली सगळी फळं युरोपातली. तात्यांनी ती सगळी बालाघाटाच्या डोंगरात आणून बसवली. तोंडाला पाणी सुटलं की ते आम्ल, म्हणजे चिंच. हिरड्या आवळल्या की टॅनिन, म्हणजे बाभळीचं दातण. वाईनला अंग असतं म्हणे; तर ताक हलक्या अंगाचं आणि म्हशीचं निरसं दूध भरल्या अंगाचं. एका जर्मन पांढऱ्या वाईनला मुरल्यावर पेट्रोलचा वास येतो, हे वाचल्यावर तात्या एसटीनं मांजरसुंब्याला गेले आणि पंपावर डोळे मिटून उभे राहिले. पंपवाला म्हणाला, "मामा, गाडी कुठंय?" तात्या म्हणाले, "गाडी न्हाई. तू भर दुसऱ्यांची, मी वास घेतो."

एका ठिकाणी मात्र ते पुस्तकावर भडकले. लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं तिथं होतं. "कुणाच्या खोलीच्या?" तात्या पुस्तकालाच विचारत होते. हा प्रश्न मला शंभर टक्के मान्य आहे. मे महिन्यात धारूरच्या पत्र्याखाली बाटली ठेवली तर वाईनचा काढा होईल. आपल्या थंडगार घरावरून साऱ्या जगाची खोली ठरवणाऱ्यांचा मी इथंच निषेध नोंदवते.

तात्या नापास झाले ते यातल्या कशानं नाही. वाढण्यात गेले. नियम असा की, बाटली उघडली की आधी यजमानाला घोटभर द्यायची. त्यानं चव बघून मान हलवली की मग बायकांना, मग पुरुषांना, आणि यजमानाचा ग्लास सगळ्यांत शेवटी भरायचा. तात्यांना हे तोंडपाठ होतं, पण हात धारूरचा. घाबरल्यावर तो आपल्या पंगतीत गेला. यजमानाला टाळून आधी पाहुणे पुरुष, आणि बायका पार शेवटी.

"अगं, यजमानानं पाव्हण्याच्या आधी तोंड लावायचं?" तात्या मला म्हणाले. "हात उचलतच न्हाई."

यजमानाचं मला माहीत नाही. पण बायका शेवटी, हे ऐकून माझं डोकं फिरलं. बायकांनी आधी जेवावं म्हणून मी पत्रक काढलं होतं. ते आमच्याच घरात चुलीत गेलं.

हात वळावा म्हणून तात्यांनी काकूला खुर्चीवर बसवलं आणि जांभळाच्या सरबताची बाटली घेऊन उजव्या बाजूनं आले. काकू ताडकन उठली. "आणा इकडं, मी घेते की." बाटली तिच्या हातात. पुन्हा बसवली, पुन्हा उठली.

"अगं बस! तू उठलीस की माझे मार्क जातात!"

"नवरा उभा आन मी बसू व्हय? कुणी बघितलं तर?"

शेवटी तात्या माझ्याकडं आले. "तुझ्या बाया आण."

"दारूबंदीच्या बाया? वाईनच्या परीक्षेला?"

"सरबतच हाय गं. आन तुझ्या बायांना बसायची सवय हाय. तहसीलीपुढं पोलिसांनी उठवलं तरी उठत न्हाईत."

हे खरं होतं. मी चंद्राबाईला आणि आणखी दोघींना घेऊन आले. काकूला त्यांच्या मधोमध बसवलं. यजमान मी.

तात्या आले, खांद्यावर पांढरं फडकं. मला घोटभर दिलं. मी चव बघून मान हलवली. चंद्राबाईला आणि त्या दोघींना ओतलं, तिघी ढिम्म बसून. मग काकू. तिचे हात गुडघ्यावर टेकले, आता उठणार. चंद्राबाईनं तिचा खांदा दाबला. "बस गं. धरणं हाय समज."

काकू बसली. तात्यांनी ओतलं. एक थेंब सांडला नाही. काकू ग्लासाकडं बघत राहिली.

"हाटेलात रोज असंच उभं राहून वाढता?"

"व्हय."

"वीस वर्सं?"

"व्हय."

"लोकांच्या बायकांना."

तात्यांनी बाटलीचं तोंड फडक्यानं पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"वाईनवाल्याला हाटेलाकडनं ऱ्हायला क्वार्टर मिळतं," ते बाटलीकडं बघूनच म्हणाले. "दोघांना पुरंल असं. वाढप्यांना हॉलमदी खाट असती नुसती. तुला कुठं ठिवणार होतो?"

"मग हे आधी कावून न्हाई सांगितलं?"

"मागच्या बारीला सांगणार होतो. पास होऊन."

माझा ग्लास भरायचा राहिला होता. त्याचे मार्क गेले असते, पण मी तोंड उघडलं नाही. काकूनं आपला ग्लास बाजूला ठेवला आणि माझा ग्लास उचलून त्यातलं उरलेलं सरबत दारात ओतलं. ग्लास कोरडा करून माझ्यापुढं ठेवला.

"न्हाई जमलं," ती तात्यांना म्हणाली. "यजमानाला इसरलात. पयल्यापासून करा."

आणि पदर खोचून, पाठ ताठ करून ती परत खुर्चीवर जाऊन बसली.