बिट्टीची चोखणी दुरुस्तीला

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बिट्टीचे पुढचे दात पाहिले आणि सांगितलं, की पोरीची चोखणी आता सुटली नाही तर हे दात ओठाबाहेर येऊन बसतील. तेव्हापासून तिच्या बापाच्या, म्हणजे मिस्त्रीच्या, घरात चोखणी सोडवण्याचे प्रयोग सुरू झाले. आजीने चोखणीला कडू औषध लावून पाहिलं, ते बिट्टीने चाटूनपुसून साफ केलं. आईने ती पिठाच्या डब्यात लपवली, तर पांढरं तोंड घेऊन बिट्टी चोखणीसकट बाहेर आली. शेवटी आईच्या कचेरीतल्या एका बाईने हमखास उपाय सांगितला. चोखणीला सुईने भोक पाडायचं. हवा निघून गेली की चोखण्यात मजा राहत नाही, आणि बिघडलेली वस्तू पोर आपणहून फेकून देतं. त्या बाईच्या नातवाने अशीच फेकली होती. नातवाचा बाप कारकून होता, मिस्त्री नव्हता, हा बारीकसा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही.

मिस्त्रीनेच भोक पाडलं. बिट्टी झोपेतून उठली, चोखणी तोंडात घातली, दोनदा ओढली आणि थांबली. आता भोकाड पसरणार म्हणून आजीने कानांवर पदर घेतला. पण बिट्टीने चोखणी बाहेर काढली, उजेडाकडे धरली, डोळा बारीक केला आणि बापाच्या हातात दिली.

"बाबा, यातून हवा जाते. नीट कर."

तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. जेमतेम तीन वर्षांची पोर, आणि बिघाड अचूक सांगत होती. मिस्त्रीने घसा खाकरून सांगितलं, की हे नीट होत नाही. बिट्टी खदखदून हसली. बाबा चेष्टा करतोय असंच तिला वाटलं. त्यात तिची तरी काय चूक? पंखा, इस्त्री, मिक्सर, शेजाऱ्यांची घंटा, जे काही मेलेलं यायचं ते तिच्या बापाच्या हाताखालून उठून चालायला लागायचं. या जगात बाबाला नीट करता येत नाही अशी वस्तू असते, हे तिला माहीतच नव्हतं. मिस्त्रीला तिचं ते हसणं आतून लागलं. गावभर कोणी काही म्हणो, या एका गिऱ्हाइकापुढे त्याला आपली अब्रू घालवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बिट्टी आजीचं बोट धरून थेट बापाच्या दुरुस्तीच्या दुकानात हजर झाली. गल्ल्यापुढे दोन माणसं होती. एक शिंपीणबाई, इस्त्री घेऊन आलेल्या, आणि दुसरे निवृत्त मास्तर, आपल्या टेबलफॅनची चौकशी करायला आलेले. बिट्टी मास्तरांच्या मागे रांगेत उभी राहिली आणि पाळी येताच तिने टाचा उंचावून चोखणी फळीवर ठेवली.

"अगं, सांगितलं ना, ही नाही होत नीट," मिस्त्री हळूच म्हणाला.

हळूच म्हटलेलंच नेमकं दुकानात सगळ्यांना ऐकू जातं. मास्तर चमकले. एवढीशी वस्तू होत नसेल तर आपल्या पंख्याचं काय, असं त्यांनी विचारलं. शिंपीणबाईंनी पुढे केलेली इस्त्री गुपचूप पिशवीत परत घातली. मिस्त्रीच्या कानशिलांवर घाम आला. तोंडाला येईल ते बोलायचं म्हणून तो बोलून गेला, "होईल हो, पण पार्ट मिळत नाही याचा."

शिंपीणबाई मनाने फार चांगल्या. त्या तडक समोरच्या औषधांच्या दुकानात गेल्या आणि नवी कोरी चोखणी घेऊन आल्या. "घ्या पार्ट," म्हणाल्या. एक चोखणी घालवायला निघालेल्या घरात आता दोन झाल्या होत्या. बिट्टीने मात्र नवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला तिचीच हवी होती, दुरुस्त केलेली.

आता सुटकेची एकच वाट उरली होती, आणि ती मिस्त्रीच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयारच होती.

"ठेवून जा. उद्या ये," तो म्हणाला.

बिट्टीने मान डोलावली. गिऱ्हाईक म्हणून तिने पावतीही मागितली असती, पण तिला ते माहीत नव्हतं. चोखणी फळीवर मास्तरांच्या पंख्याशेजारी जाऊन बसली. त्या रात्री पोर थोडी कुरकुरली, पण "बाबा नीट करतोय" असं स्वतःलाच समजावत झोपून गेली. बायको थक्क झाली. नवऱ्याचं हे 'उद्या' तिने लग्नापासून ऐकलं होतं, पण त्याचा घराला कधी उपयोग होईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बिट्टी रोज दुकानात यायची, "झाली?" विचारायची आणि 'उद्या' ऐकून परत जायची. पुढेपुढे तिचं विचारणं कमी झालं. मग ती येईनाशीच झाली. घरात आनंदीआनंद झाला. आजीने तर शेजारीपाजारी सांगून टाकलं, की आमच्या लेकाने युक्तीने सवय मोडली. मिस्त्रीही मिशीतल्या मिशीत हसत होता.

ते हसू एका सकाळी जागच्या जागी गोठलं. दुकानातून त्याने सहज रस्त्यापलीकडे पाहिलं, तर सायकलवाल्याच्या दारात त्याची स्वतःची आई आणि स्वतःची लेक उभी. बिट्टीच्या हातात चाक निखळलेली खेळण्यातली गाडी होती. मिस्त्री हातातला पाना टाकून रस्ता ओलांडून धावला.

"अगं, इकडे कशाला आलीस? आण, मी करतो."

बिट्टीने गाडी पाठीमागे लपवली. "नको," ती शांतपणे म्हणाली. "बाबा उद्या करतो."

सायकलवाला तोंड फिरवून हसला. आजी म्हणाली, "अरे, मी तिला म्हटलं बाबाकडे जाऊ. ऐकेचना." लोकांच्या शिव्या मिस्त्रीने पुष्कळ पचवल्या होत्या, पण पोरीच्या आवाजात राग नव्हता, हेच त्याला सोसवेना. ज्या वस्तूवरून विश्वास उठला ती बाजूला ठेवावी, तसं तिने त्याला बाजूला ठेवलं होतं.

तो दुकानात परतला आणि फळीवरचं सगळं खाली काढलं. नव्या चोखणीचं रबर सोडवून बिट्टीच्या जुन्या कडीत घट्ट बसवलं, ओढून पाहिलं, उकळत्या पाण्यातून काढलं. मग तावातावात मास्तरांचा पंखाही उघडला. दुपारी मास्तर नेहमीप्रमाणे नुसते विचारायला आले, तर फिरणारा पंखा समोर ठेवलेला. ते इतके हबकले, की हा आपलाच का म्हणून दोनदा उलटून पाहू लागले.

संध्याकाळी मिस्त्रीने घरी येऊन चोखणी बिट्टीपुढे धरली. "झाली बघ. अगदी पहिल्यासारखी."

बायकोने कपाळाला हात लावला. एवढ्या दिवसांच्या मेहनतीवर हा माणूस पाणी ओतत होता. बिट्टीने चोखणी हातात घेतली, उजेडाकडे धरली, दाबून पाहिली. बिट्टी आत गेली आणि चोखणी कुठेतरी ठेवून, हात निखळलेली बाहुली आणि तो हात असं दोन्ही घेऊन आली.

"हे पण कर," ती म्हणाली.

मिस्त्रीच्या तोंडून सवयीने "उ" निघाला. पुढचं अक्षर त्याने गिळलं, खाली बसला, पिशवी उघडली आणि कामाला लागला. बिट्टी त्याच्या गुडघ्याला टेकून बघत बसली. तिच्या तोंडात काही नव्हतं.

"चला, सुटली एकदाची सवय," बायको दारातून म्हणाली.

"हो ना. मला वाटलं आता परत तोंडात घालते की काय."

"तिची नव्हे हो," बायको म्हणाली, आणि आत वळली.